सोळा अक्षरांची जागा

मॉड्यूल करंगळीएवढं. धातूचं. टोकाला काळा खटका.
गोचाने तिबिलिसीहून बसने पाठवलं, लोकरी मोज्यात गुंडाळून,
सोबत चिठ्ठी: कंपनीचं घेतलंस तर दहापट पडेल
आणि रुग्णालयाकडे दहापट नाही, तुला ठाऊक आहे.

ठाऊक आहे.

रात्रीचे अडीच. झुगदिदीच्या रुग्णालयाचं तळघर.
पंख्यांची घरघर इतकी सलग की ती थांबली तरच ऐकू येईल.
वर तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर लामारा
वाट बघतेय एका डोक्याच्या सीटी स्कॅनची.
तो मशीनमध्ये आहे. तिच्या पडद्यावर नाही.

जुन्या स्विचमध्ये खोचलं, लगेच लागलं.
फोनचा कॅमेरा तिरका धरून पाहिलं:
डोळ्याला न दिसणारा उजेड
काचेत जांभळं टिंब होऊन बसला होता.
मग नव्या सर्व्हरच्या कार्डात खोचलं.
टिंब नाही.
पुसलं, फुंकलं, दुसरी केबल लावली. नाही.
पडद्यावर एकच ओळ: हे मॉड्यूल मान्य नाही.

उजेड तोच. तरंगलांबी तीच. काच तीच.
कार्डाने उजेड पाहिलाच नाही.
आधी नाव वाचलं,
आणि नावं ठेवली.

ड्रायव्हरला विनवणारी ओळ लिहिली,
अनोळखी चालेल, असं म्हणणारी.
दोनदा रीबूट केलं. कार्ड ढिम्म.

बाबा ओचामचिरेत सर्जन होते.
एंगुरीचा पूल ओलांडला तेव्हा त्यांच्या पिशवीत
अर्धा पाव, माझा एकच बूट, आईची कात्री.
दाखला नव्हता.
इथल्या खिडकीतल्या माणसाने हात पाहिले नाहीत,
कागद मागितला,
आणि कागद नदीपलीकडे, जिथे आता कुणी जात नाही.

एकाने बनवून देऊ केला होता. शिक्क्यासकट. दोनशे डॉलर.
बाबा म्हणाले, माझंच नाव मी चोरून कसं घेऊ?
मोठं वाक्य होतं. शेजारी अजून सांगतात.
त्या वाक्याच्या पुढची अकरा वर्षं
आईने लोकांच्या अंगणात बसून हेझलनट फोडले,
आणि रात्री-अपरात्री कुणाचा हात कापला
की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबा टाके घालायचे, फुकट,
मी दिवा धरायचे.
टाके सरळ यायचे.

गोचाने मोज्यात आणखी एक डबी ठेवली होती.
काही लिहिलं नव्हतं त्याबद्दल. लिहायची गरज नव्हती.

डबीत मॉड्यूल खोचलं की आतली पाटी उघडते.
सोळा अक्षरांची जागा, नावासाठी.
नाव छोटं असेल तर उरलेल्या जागा रिकाम्या ठेवतात,
पण ठेवाव्याच लागतात.
मी कार्डाला आवडणारं नाव टाइप केलं.
मग शेवटची बेरीज पुन्हा मांडली,
कारण खोट्या नावाची बेरीज जुळली नाही तर पकडलं जातं.
खऱ्या नावाचीही नसती जुळली तर पकडलं असतंच.
एवढंच शिकले मी दोन्हींतल्या फरकाबद्दल.

खोचलं.
हिरवा.

फोन धरून पाहिलं नाही या वेळी.
लामाराचा निरोप आला: आला. रक्तस्राव आहे. उघडतोय.
बाकी काही नाही. ती कधीच आभार मानत नाही,
मला ते आवडतं.

खुर्चीत बसून राहिले.
बाबांना सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते
याचा विचार करायला घेतला आणि सोडून दिला.
ते रागावले असते. मग विचारलं असतं,
पेशंटचं काय झालं?

पाचला सफाईवाली नुनू आली, म्हणाली, घरी जा.
जाण्याआधी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला,
मॉड्यूलच्या खटक्याखाली बसेल एवढा,
आणि बारीक पेनाने लिहिलं:
आतलं नाव खोटं. दुकानाचं नाव नाही. अडतीस लारी. चालतं.

पुढच्या माणसाला कळावं म्हणून.